हिरव्या कोटवालीने आत यावं म्हणून

३ तारीख, मंगळवार

वहीला रेघा नाहीत. ही पहिली तक्रार, आणि ती लिहून झाल्याशिवाय नमस्कार-चमत्कार काही नाही. चौथी शिकलेल्या बाईला बिनरेघांची वही देणं म्हणजे बिनकठड्याच्या जिन्यावर चढवणं. माझी ओळ डावीकडे जमिनीवर सुरू होते आणि उजवीकडे पोचेपर्यंत माळ्यावर जाते. नातीला सांगितलं तर म्हणते, "आजी, अशाच वह्या छान दिसतात." दिसायला काय, मी ती कपाटात मांडणार आहे?

नातीला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी ठरायची नाही. आता तेवीस वर्षांची आहे. सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे फोन घेते आणि दुपारी घरी आली की जी खुर्चीला चिकटते, ती जेवायलाच सुटते. माणसाचं नाव लहानपणी ठेवू नये.

वही कशाला दिली तेही लिहिते, नाहीतर पुढच्या पानापर्यंत मीच विसरेन. तिच्या कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. एक गाव आहे आणि त्यातलं एक घर आपण सांभाळायचं. माणसांना उठवायचं, आंघोळीला पाठवायचं, कामाला धाडायचं. मी म्हटलं, "हे मी पन्नास वर्षं केलं. तू विकत घेऊन करतेस?"

तिच्याशेजारी बसून एक दुपार तो खेळ बघितला. आपल्या घरातली माणसं दुकानात जातात, वस्तू घेतात. पण बाकीचं गाव? नुसतं हिंडतं. बाकावर बसतं, उठतं, परत हिंडतं. एकाच्या हातात पिशवी नाही. दुकानदार सकाळपासून दात काढून उभा आणि समोर चिटपाखरू नाही.

मी म्हटलं, "हा माणूस आठवड्यात वेडा होईल."

भिंगरी म्हणाली, "तेच तर दुरुस्त करतेय, आजी."

खेळ दुसऱ्या कुणी बनवलाय. ही त्याला मागून जोड देते. तिला मॉड म्हणतात. मला वाटतं शिवलेल्या कोटाला अस्तर लावण्यातला प्रकार. वरून कोट तोच, घालणाऱ्याला फरक कळतो. हिच्या अस्तराने काय होणार, तर गावातली फालतू माणसं आपल्या मनाने, कुणी न सांगता, बाजारहाट करणार. जगभरातले लोक ते फुकट घेणार आणि वापरून बघून हिला कळवणार.

"पण माणसं दुकानात का जातात, ते मला नीट माहीत नाही," म्हणाली. "मी सगळं फोनवरून मागवते. तू अठ्ठेचाळीस वर्षं बटणं विकलीस. आठवेल तसं लिहून ठेव."

बटणं, रिळं, हुक, चेनी, इलॅस्टिक, अस्तराचं कापड. आमच्याच घराखाली दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात.

पुरे. हात दुखला.

४ तारीख, बुधवार

गिऱ्हाइकाबद्दल:

एक बटण घ्यायला आलेली बाई चाळीस बटणांना हात लावते. रिकाम्या दुकानात कुणी शिरत नाही. दोन माणसं उभी असली की तिसरं येतं. "नंतर येते" म्हणणारी येत नाही. काही न बोलता गेलेली येते. नवऱ्याला कापडाचा तुकडा देऊन पाठवलं तर तो तुकडा हरवून येतो आणि रंग हाताने हवेत दाखवतो. काही बायका महिन्यात एकदा पाव मीटर इलॅस्टिक न्यायच्या. एवढं इलॅस्टिक कुठल्याही घराला लागत नाही. त्यांना घरात बोलायला कुणी नसायचं, म्हणून यायच्या. मी कधी विचारलं नाही. मोजून, कापून दिलं.

भिंगरीने हे दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आजी, हे कॉम्प्युटरला कसं सांगू?"

मी म्हटलं, "ते तुझं तू बघ. मी माल दिला, शिवायचं काम तुझं."

६ तारीख, शुक्रवार

आज पहिल्यांदा सोडलं गावाला बाजारात. नऊ वाजले आणि गावातली चाळीसच्या चाळीस माणसं एकदम पावाच्या दुकानात घुसली. दारात अशी अडकली, की ना आत, ना बाहेर. एका म्हाताऱ्याने सतरा दिवे घेतले. एका बाईने एकच बूट घेतला, मग परत रांगेत उभी राहून तोच बूट परत घेतला. भिंगरीने डोकं धरलं. मी बऱ्याच दिवसांनी एवढी हसले.

संध्याकाळी सून ऑफिसमधून आली. चपला काढता काढता म्हणाली, "आई, ताईंकडे बदलीचं पत्र आलं. भाऊजींना लांब जावं लागतंय. महिनाअखेरीला सामान हलवणार."

ताई म्हणजे माझी थोरली. पुलाच्या पलीकडे राहते, पायी वीस मिनिटं. शाळेच्या ऑफिसात टायपिंग करते. नऊ वर्षांत इथे पाऊल टाकलेलं नाही. माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या भावाला, भेटते, पण बाहेर, चहाच्या हॉटेलात, चोरासारखी.

मी म्हटलं, "बरं."

सून म्हणाली, "बरं काय, आई? आठ तास प्रवास आहे तिकडे. आता वीस मिनिटांवर असून ही गत, मग..."

मी म्हटलं, "गॅसवर काही ठेवलंयस का? करपल्याचा वास येतोय."

काही करपत नव्हतं.

९ तारीख, सोमवार

भिंगरीने खेळात माझ्यासाठी बटणांचं दुकान बांधलं. काउंटरमागे एक म्हातारी उभी केली. मी म्हटलं, "इतकी जाड नाही मी."

"तू नाहीसच ती."

"मग चष्मा माझा कसा?"

दुकानदारिणीला स्वभाव द्यावा लागतो. यादी असते, त्यातून निवडायचा. भिंगरीने 'फटकळ' निवडला. यादीत आणखी पुष्कळ होते, प्रेमळ, शांत, हसरा. तिचा हात तिकडे गेलासुद्धा नाही.

माणसं आता वेगवेगळ्या वेळी येतात. दोघं उभी असली की तिसरं येतं, मी सांगितलं तसं. दुपारभर बघत बसले. पाय जड झाले तरी उठावंसं वाटेना.

भिंगरीच्या मॉडवर लोक मतं लिहितात, खाली, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. खरं नाव कुणी घालत नाही. कुणी 'वादळ', कुणी 'राजा७७'. त्यातल्या एकीचं नाव 'टाचणी'. तिने लिहिलंय: "बटणांच्या दुकानात आरसा हवा. बटण काउंटरवर ठेवून कुणी बघत नाही, छातीशी धरून बघतात."

हे शंभर टक्के खरं आहे. माझ्या दुकानात दाराशी आरसा होता.

मी विचारलं, "कोण ही बाई?"

भिंगरी म्हणाली, "काय माहीत. कुणीतरी असेल." आणि कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली. धूळ नव्हती. या घरात मला सोडून सगळ्यांना आवरायची हौस भलत्या वेळी येते.

११ तारीख, बुधवार

टाचणीशी माझी जुंपली. मी भिंगरीकडून लिहवून घेतलं होतं, की दुकानदाराने कधी गिऱ्हाइकाला बोलवू नये; बोलावलं की माल शिळा वाटतो. टाचणीचं उत्तर: "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

मी सांगितलं, "लिही तिला, गहू विकायचे असते तर वाण्याचं दुकान टाकलं असतं."

टाचणी: "काउंटरमागे बसून जग काउंटरएवढंच दिसतं."

आगाऊ आहे. पण जीभ चांगली आहे. असल्या माणसाशी भांडायला बरं वाटतं. दगडावर पाणी ओतल्यासारखं होत नाही.

भिंगरीला आज एक नवा नियम दिला. गिऱ्हाइकाचा अपमान झाला, की ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागतं. मान वळवून जातं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, दुकानदार बघतोय का. आणि दुकानदाराने हाक मारेपर्यंत परत येत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

भिंगरीने विचारलं, "आणि दुकानदार हाक मारतो?"

"नाही. सांगितलं ना, बोलवायचं नसतं."

तिने दोन्ही नियम घातले.  

१४ तारीख, शनिवार

गाव बंद पडलं.

खेळात दिवस भराभर जातात. आठ दिवसांत गावातल्या एकूण एक माणसाचा कुठे ना कुठे अपमान झालेला. कुणाला पाववाला बोलला, कुणाला बूटवाला. आता सगळे रस्त्याच्या पलीकडून जातात, माना वळवून. दुकानदार आत उभे. एकाच्याही हातात पिशवी नाही. पहिल्या दिवशी होतं तसं गाव, फक्त आता ते रुसलेलं.

भिंगरी म्हणाली, "आजी, दोघंही वाट बघतायत. हा म्हणतो त्याने यावं, तो म्हणतो याने बोलवावं. असं अनंतकाळ चालू शकतं. कॉम्प्युटर काही कंटाळत नाही."

मी म्हटलं, "कुणीतरी आधी मरतं." ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. खेळातल्या माणसांबद्दल बोलत होते मी. ती म्हातारी होऊन मरतात, तिनेच सांगितलं होतं.

बटणांच्या दुकानासमोर एक बाई आहे, हिरव्या कोटातली. बाकीचे निदान चालत राहतात. ही येते, दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबापाशी उभी राहते, आणि संध्याकाळ झाली की जाते. रोज. मी विचारलं, "ही मुद्दाम ठेवलीस का तू?" म्हणाली, "नाही गं. कॉम्प्युटरच बनवतो माणसं. पहिल्याच दिवशी तुझी फटकळ बाई तिला चारचौघांत बोलली, तेव्हापासून तिचा रागाचा आकडा शंभरावर आहे."

थोरलीला हिरवा रंग कधी आवडला नाही, तेव्हा भिंगरीचं खरं असणार.

भिंगरी म्हणते, एक कळ दाबली की ती आत येईल. मी हात धरला तिचा. ओढून आणलेलं गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक नव्हे.

१५ तारीख, रविवार

मुलगा आणि सून पुलापलीकडे गेले, सामान बांधायला मदत म्हणून. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही. पण विचारायला काय हरकत होती?

१७ तारीख, मंगळवार

टाचणीने लिहिलंय: "राग किती दिवस टिकावा, ते सांगा. काही दिवसांनी उतरू दे." भिंगरी म्हणाली, "काय सांगू?" मी म्हटलं, "राग रोज थोडा उतरतो म्हणून घाल." तिने घातलं. उद्या कळेल.

रागाचं निघालंच आहे, तर लिहून टाकते. वही माझी आहे. गादीखाली ठेवते.

थोरली चौदाव्या वर्षापासून माझ्याबरोबर दुकानात. लग्न झालं तरी रोज पुलावरून यायची, शाळा सुटल्यावर. नऊ वर्षांपूर्वी एका शिंप्याला कोटाची बारा काळी बटणं दिली तिने. दोन त्यातली गडद निळी निघाली. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखीच दिसतात, दारात उन्हाला धरावी लागतात. कोट लग्नाचा होता. शिंपी ओरडत आला. दुकानात सहा-सात माणसं. मी थोरलीला म्हटलं, "ऊठ तिथून. तुझी जागा काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांत. इकडे बसायची अक्कल तुला नाही."

ती उठली. काउंटरची फळी उचलून पलीकडे गेली. मला वाटलं घरी जाईल. ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "पांढरं रीळ, एक. चाळीस नंबर."

मी दिलं. कागदात गुंडाळून दिलं. आणि सवयीने तोंडातून गेलं, "आणखी काही?"

म्हणाली, "नको."

तेवढंच. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी दोघी डबा खात बसलो असतो.

१८ तारीख, बुधवार

राग उतरला. आकडे शंभरावरून शून्यावर आले, भिंगरीने दाखवले. गाव बाजारात जायला लागलं.

पण बटणांच्या दुकानात कुणी आलं नाही. भिंगरीने दोन तास शोधलं, कुठे चुकलं म्हणून. चुकलं काहीच नव्हतं. राग होता तेवढ्या दिवसांत लोकांना दुसऱ्या दुकानाची सवय लागली. राग गेला, सवय राहिली. आता त्यांना या दुकानावर ना राग, ना लोभ. शेजारून जातात, बघतही नाहीत.

मला वाटायचं राग वाईट. राग असतो तोवर गिऱ्हाईक निदान तोंड फिरवायला तरी या रस्त्याने येतं.

हिरव्या कोटवाली मात्र अजून खांबापाशी येते. तिचाही आकडा शून्य आहे. भिंगरी म्हणते, "ही का उभी राहते, मला खरंच कळत नाही. कुठल्याच नियमात बसत नाही."

२१ तारीख, शनिवार

टाचणीची आजची चिठ्ठी भिंगरीने वाचून दाखवली नाही. चहा घ्यायला उठली तेव्हा मीच चष्मा लावून वाचली.

"डावीकडचा खालून तिसरा खण अडकतो. आधी उचलायचा, मग ओढायचा. खेळातही अडकू दे, नाहीतर ते दुकान खोटं वाटतं."

खेळातल्या दुकानाला खण नाहीत. भिंतीवर नुसत्या रेघा रंगवल्या आहेत. अडकणारा खण माझ्या दुकानात होता.

आज एवढंच.

२४ तारीख, मंगळवार

दोन दिवस लिहिलं नाही. सर्दी झाली होती.

आज भिंगरीला म्हटलं, "ती तुझी म्हातारी काउंटरमागून बाहेर का येत नाही? एवढी कोण बाहेर ताटकळतेय, डोळे फुटले का हिचे?"

म्हणाली, "येऊच शकत नाही. मूळ खेळात दुकानदार जागेला खिळलेले असतात. उघडल्यापासून बंद होईपर्यंत हलायचं नाही."

"मग खिळे काढ."

"सोपं नाहीये, आजी. सगळं उसवावं लागेल."

"उसव. मी अर्धं आयुष्य उसवणाऱ्यांना दोरा विकला. उसवल्याने कापड मरत नाही."

"आणि बाहेर येऊन तिने करायचं काय?"

मी म्हटलं, "जायचं तिच्या घरी. आणखी काय?"

भिंगरीने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुझे गुडघे..." आणि थांबली. मी म्हटलं, "खेळातल्या म्हातारीला गुडघे नसतात."

सून सांगत होती, सामानाची गाडी रविवारी दुपारी येणार आहे.

२६ तारीख, गुरुवार

खिळे निघाले. भिंगरीने कामावर रजा टाकली दोन दिवस. डॉक्टरांना सांगितलं, दात दुखतोय. दाताच्या डॉक्टरांना!

तीन वाजता सुरू केलं. म्हातारी काउंटरमागून निघाली. फळी उचलून बाहेर आली, पायरी उतरली, रस्त्याला लागली. मी खुर्चीच्या कडेला आले होते. गावातून आडवी गेली, नदीकाठाने, हिरव्या कोटवालीच्या दारात जाऊन उभी राहिली. घंटा वाजवली. कुणी उघडेना. परत वाजवली.

भिंगरीने गाव फिरवून दाखवलं. हिरव्या कोटवाली दुकानात होती.

आज पहिल्यांदा आत शिरली होती. काउंटरमागे कुणी नाही बघून शिरली असेल. आरशासमोर उभी होती. ही तिच्या दारात, ती हिच्या दुकानात. भिंगरीने तीनदा नव्याने चालवून बघितलं, तीनही वेळा तेच. एक निघाली की दुसरी निघते, वाटेत मधे बाजार आहे, एकमेकींना दिसत नाहीत.

मी एवढी हसले, की डोळ्यांत पाणी आलं. भिंगरी हसली नाही. म्हणाली, "आजी, पाणी देऊ?"

मी म्हटलं, "डोळ्यांत आहे तेवढं पुरे."

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही ती लिहिते. त्या भांडणानंतर महिन्याभराने मी खोकी आवरायला काढली. काळ्या बटणांच्या खोक्यात मूठभर निळी होती. थोरलीने कधी खोकी भरली नाहीत. भरायचं काम माझं होतं, रविवारचं. पुढच्या आठवड्यात चष्म्याचा नंबर बदलून घेतला. चष्मेवाल्याला म्हटलं, डोकं दुखतं म्हणून. निळी बटणं वेगळी काढून ठेवली आणि विकली. सगळी विकली गेली. चांगली बटणं होती.

तेव्हा पुलावरून चालत जायला मला वीस मिनिटंसुद्धा लागली नसती. मी वाट बघितली. काय बघत होते कोण जाणे. रोज चार वाजता, शाळा सुटायच्या वेळी, दाराकडे तोंड करून बसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, तुम्ही आजकाल लवकर दाद देता." दाराकडेच बघत असायची, दाद देणार नाही तर काय?

२७ तारीख, शुक्रवार

भिंगरीने म्हातारीची आणि हिरव्या कोटवालीची चुकामूक लिहून टाकली आणि लोकांना विचारलं, काय करावं. वीस-पंचवीस जणांनी शहाणपण शिकवलं. कुणी म्हणे दोघींना फोन द्या. कुणी म्हणे वाटेतला बाजार पाडा. 'राजा७७' म्हणे, म्हातारीला परत खिळून टाका, दुकान सोडून दुकानदारीण हिंडते हे बरं दिसत नाही. याच्या आईने याला दोन द्यायला हव्या होत्या.

टाचणीचं सगळ्यात शेवटी आलं. यावेळी भिंगरीने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"दोघींतल्या एकीने घरी थांबावं लागेल. हिरव्या कोटवालीला एक दिवस घरी राहू द्या. तिला तिकडे जायची सवय झाली आहे, म्हणून अवघड जाईल. पण म्हातारी खरंच निघणार असेल, तर ती थांबेल. घंटा तिला ऐकू येते."

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, कारण मधे चष्मा पुसावा लागला.

भिंगरीने खिडकीपाशी उभ्या उभ्याच विचारलं, "काय उत्तर देऊ?"

मी म्हटलं, "उद्या सांगते. अशा गोष्टीला एक रात्र द्यावी लागते."

रात्र झाली, अजून काही सुचत नाही. थोरली तान्ही असताना तिला काउंटरवर झोपवायची, रिळांच्या खोक्यात, खाली अस्तराचं कापड घालून. गिऱ्हाइकं म्हणायची, ही केवढ्याला? मी म्हणायची, ही विकायची नाही.

२८ तारीख, शनिवार

सकाळी सुनेला म्हटलं, "उद्या मला गाडी लागेल. नऊ वाजता."

तिने कपबशी खाली ठेवली. म्हणाली, "कुठे जायचं, आई?"

"पुलापलीकडे."

"मी येऊ बरोबर?"

"नको."

"आई, पायऱ्या आहेत तिथे. बावीस. लिफ्ट नाही."

"मोजल्यास तू?"

"दरवेळी मोजते," म्हणाली. "तुम्हाला चढता येतील का, म्हणून."

ही सून मला कधी फारशी पसंत नव्हती. तिला तसं सांगितलेलंही आहे, दोन-तीनदा. आज म्हटलं, "चहा चांगला झालाय." ती घाबरली. वाटलं असेल, म्हातारीला ताप आला.

दुपारी भिंगरी आली. तिला काही शोधायला लावलं नाही, काही विचारलं नाही. कधीपासून चाललंय तेही विचारलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले. खेळात हिरव्या कोटवाली आज घरी होती, भिंगरीने तिला थांबवलं होतं. म्हातारी दुकानात होती. मी म्हटलं, "हे बंद कर. हे नंतर बघू."

"बघायचं नाही, आजी? आज नक्की जमेल."

"तुझ्या म्हातारीला घाई नाही. मला आहे. लिहायला घे."

तिने हात कीबोर्डवर ठेवले.  

"कुणाला लिहू?" म्हणाली. मुद्दाम विचारलं.

"टाचणीला. आणखी कुणाला!"

काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. निळ्या बटणांचं सांगायचं, एवढं ठरलंय. ते दारातच सांगायचं की आत बसल्यावर, ते गुडघे ठरवतील. तिने पुढे काय म्हणायचं, हे तिचं. नऊ वर्षं ती म्हणत आली असेल मनात, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त तयार असणार. ऐकून घेईन. मधे बोलणार नाही. प्रयत्न करीन.

भिंगरीला सांगितलं ते शब्दाला शब्द इथेही लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी असं म्हणालीच नव्हती:

उद्या सकाळी साडेनऊला येते. बावीस पायऱ्या आहेत, तेव्हा दहा धर. खाली उतरून हात द्यायला येऊ नकोस, मी चढते. घंटा वाजली की जावयांना पुढे करायचं नाही, शेजारणीला नाही, सामान बांधणाऱ्यांना तर नाहीच. दार तूच उघडायचंस.